सतरा अक्षरांचा हिशेब

मारबतीच्या दिवशी आमच्या नागपुरात कोणी कामाचे बोलायला येत नाही. पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळपासून महालाकडे काळ्या नि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी आणि संध्याकाळी लाकडी नंदीबैल ओढीत दारोदार बोजारा मागणारी पोरे. अशा दिवशी तीन तरुण गर्दीतून वाट काढीत माझ्याकडे आले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चहा झाल्यावर त्यांतल्या एकाने पिशवीतून एक छापील कागद काढला. नागपुरातून हायकूची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू करायची, दरवर्षी एका हायकूला पुरस्कार द्यायचा आणि परीक्षक म्हणून मी नाव द्यायचे, असा बेत होता.

"आंतरराष्ट्रीय कशाला?" मी विचारले.

"सर, नुसती हायकू स्पर्धा म्हटली तर कोण पाह्यते जी?"

उत्तर प्रामाणिक होते, म्हणून मी कागद ठेवून घेतला. नियम पाच होते. कविता तीन ओळींची असावी, अक्षरे पाच, सात, पाच अशी सतराच असावीत, एक जरी कमीजास्त झाले तरी प्रवेशिका बाद, विषय निसर्ग, सोबत इंग्रजी अनुवाद जोडावा, प्रवेशशुल्क आगाऊ भरावे. यांतला दुसरा नियम वाचून माझ्या छातीत जे धस्स झाले, त्याचे कारण आधी सांगायला हवे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहानशा स्पर्धेचा मी परीक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. चूक गावाची नव्हती, माझी होती. तिथेही सतरा अक्षरांचा नियम होता. पहिले बक्षीस आम्ही ज्या कवितेला दिले ती अशी होती :

हिम पडते
चेरीच्या झाडाखाली
मी एकटाच

अक्षरे मोजून पाहा, बरोबर सतरा. कवी वऱ्हाडातला होता. त्याने हिम पाहिले असेल ते शीतकपाटात, आणि चेरी पाहिली असेल ती केकवरची, जी आपल्याकडे बहुधा पाकात रंगवलेले करवंदच असते! त्याच गठ्ठ्यात दुसरी एक कविता होती :

कुलूपबंद घर
आत चालूच कूलर
नवतपा

ही सात, आठ, चार अशी एकोणीस अक्षरे. नियमाप्रमाणे मी ती बाजूला टाकली. घरी आलो, जेवलो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ते कुलूपबंद घर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. कोण गेले असेल घाईघाईने? परत येणार आहे की नाही? की कुलूप बाहेरून लावलेले आहे आणि आत कोणी आहे? रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की नऊ दिवस विदर्भ भाजून निघतो. त्या नवतप्यात रिकाम्या घराला गारवा देत फिरणारे ते यंत्र मला आजही ऐकू येते. कवीचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर होते. बाद प्रवेशिकांच्या चिठ्ठ्या कोणी उघडत नाही. ती कविता कोणी लिहिली, त्याने किंवा तिने पुढे काही लिहिले का, हे मला कधीच कळणार नाही.

आता त्या सतराच्या आकड्याचीच जरा झडती घेऊ. जपानी माणूस हायकूत जे मोजतो त्याला तो 'ओन' म्हणतो. आपण त्याचे भाषांतर 'अक्षर' असे केले आणि घोटाळा झाला. 'तोक्यो' हा शब्द आपल्या हिशेबाने दोन अक्षरांचा. जपानी कानाला तो चार ओनांचा ऐकू येतो, कारण त्यातले दोन्ही स्वर दीर्घ आहेत आणि दीर्घ स्वराचे दोन ओन होतात. लघूची एक मात्रा नि गुरूच्या दोन, हे ज्याला शाळेत छडी खाऊन पाठ झाले आहे त्याला हे सांगायला नकोच. ओनाचे सख्य आपल्या मात्रेशी आहे, अक्षराशी नाही. त्या दृष्टीने वरच्या दोन कविता पुन्हा मोजा. चेरीच्या कवितेच्या मात्रा भरतात अठ्ठावीस. कुलूपबंद घराच्या भरतात सव्वीस. म्हणजे जी लांब म्हणून मी फेकली, ती जपानी मापाने आखूड होती! सतराच्या जवळ दोघींपैकी एकही नाही, हा भाग निराळा. मराठी मात्रा मोजून सतरांत काही सांगायचे तर बहुधा क्रियापदालाच सुट्टी द्यावी लागेल.

मराठीत हायकू आणण्याचे श्रेय शिरीष पै यांचे. आचार्य अत्र्यांची ही कन्या, 1929 ते 2017 हा त्यांचा काळ. 1970 नंतरच्या दशकात त्या हायकूकडे वळल्या आणि मग आयुष्यभर तिकडेच राहिल्या. गंमत अशी, की त्यांनी सतरा अक्षरांचे जोखड मानलेच नाही. तीन लहान ओळी घेतल्या आणि त्यांतल्या दोहोंत यमक ठेवले. जपानी हायकूत यमकाचा आग्रह नाही, म्हणून या यमकावर टीका करता येते, आणि मीही ती एकेकाळी करीत असे. यमक दार लावून घेते. हायकूला ते किलकिले ठेवायचे असते. पण ओवी-अभंगांवर वाढलेल्या मराठी कानाला परक्या घरात बसायला एक ओळखीचा पाट लागतो, तो बाईंनी मांडला, असे आता वाटते. त्यांच्या चांगल्या हायकूंत पाऊस, पाखरे, खिडकीबाहेरचे झाड हे सारे त्यांच्या मुंबईचेच आहे. तिथे उसने काही नाही.

बिघडले ते पुढे. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळांनी यमक उचलले आणि खिडकी विसरली. मग हायकू म्हणजे एक ओळ खुडलेली चारोळी झाली. जीवन म्हणजे अमुक, प्रेम म्हणजे तमुक, शेवटी एक सुस्कारा. असे तीन ओळींचे सुविचार लग्नपत्रिकेवर शोभतील. हायकूत 'म्हणजे' हा शब्दच बसत नाही, कारण तिथे एक गोष्ट दुसरीच्या शेजारी नुसती ठेवायची असते. घर ठेवले, कूलर ठेवला, नवतपा ठेवला. मधली जागा वाचकाची.

आणि नवतपा हाच त्या कवितेचा खरा नियम होता, तो मला तेव्हा दिसला नाही. जपानी परंपरेत हायकूत एक ऋतुशब्द असावा लागतो. असे हजारो शब्द ऋतूंप्रमाणे लावून दिलेले कोश तिथे घरोघर असतात : अमुक बेडूक वसंताचा, अमुक किडा शरदाचा, चंद्र म्हटला की तो शरदातलाच. त्या एका शब्दामागे शेकडो वर्षांच्या कवितांची गर्दी उभी असते, म्हणून सतरा ओन पुरतात. आपण साचा आणला, कोश आणला नाही. मग 'निसर्ग' असा मोघम विषय देतो आणि वऱ्हाडात हिम पडते.

आपल्याकडे हा माल नाही असे थोडेच आहे? हालाच्या 'गाथासप्तशती'तल्या दोन दोन ओळींच्या गाथांत शेते, पाऊसकाळ नि गोदाकाठ केव्हाचे येऊन बसले आहेत. (त्यावरून 'हायकू मूळचा आमचाच' असे म्हणणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत, त्यांना फराळाला बोलवावे, चर्चेला बोलवू नये.) दुर्गाबाई भागवतांचे 1956 चे 'ऋतुचक्र' पुन्हा उघडा, मराठी ऋतुकोशाची पहिली वही तीच आहे. आणि आमच्या नागपूरची वही तर कोणी लिहिलेलीच नाही. फाल्गुनातला पळस, चैत्रातल्या मोहाच्या फुलांचा सडा, कूलरच्या ताट्यांत नवे गवत भरण्याचा तो एक दिवस. संत्र्याच्या बागेचे पाणी तोडून झाडांना 'ताण' देतात, मग पाणी सोडले की बहर फुटतो. आंबियाचा निराळा, मृगाचा निराळा. 'ताण दिला' एवढे दोन शब्द म्हटले की काटोल-नरखेडकडच्या माणसाला महिना कळतो, आकाश कळते, सावकारही आठवतो. हा ऋतुशब्द जगातल्या कुठल्या कोशात आहे? त्या तीन तरुणांनी मारबतीचे ढोल ऐकत निसर्गाचा नियम लिहून आणला होता, आणि ढोलांची हायकूशी काही सोयरीक असेल हे त्यांच्या मनातही नव्हते.

स्पर्धेला माझा विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. बाशोच्या काळीही गुण देणारे परीक्षक होते; पैसे घेऊन ओळींवर खुणा करणे हा त्यांचा धंदाच होता. बाशोने 1692 च्या एका पत्रात गुणांमागे धावणाऱ्या या कवींना कवितेच्या वाटेवर सगळ्यांत खाली बसवले. पण तिथेही तो मिस्कीलपणे म्हणतो, की यांच्यामुळे परीक्षकाच्या बायकापोरांचे पोट भरते नि घरमालकाला भाडे मिळते, म्हणजे काही वाईट उद्योगांपेक्षा हे बरेच. प्रवेशशुल्काच्या नियमासमोर मी पेन्सिलीने 'बाशो पाहा' असे लिहून ठेवले. पुढे मासाओका शिकीने 'हायकू' हे नाव रूढ केले, वर्तमानपत्रातून वाचकांच्या कविता निवडून छापल्या आणि क्षयाने 1902 साली, पस्तिशीही पुरती न ओलांडता, तो गेला. त्याच्या नावाने मात्सुयामा या त्याच्या जन्मगावाहून 2000 साली एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. 2002 साली तो ज्यांना मिळाला त्यांत आपले सत्यभूषण वर्मा होते, हिंदीत हायकू रुजवणारे जपानीचे प्राध्यापक. आणखी एक स्पर्धा तर चहाच्या कंपनीची आहे, 1989 पासूनची. निवडलेले हायकू चहाच्या बाटल्यांवर छापतात. आमच्या चहाच्या टपरीवरच्या कपांचे यावरून मला वाईट वाटले.

पण बक्षिसाने काव्यप्रकार रुजतो का? नागपुरातच दोन उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. कवी अनिलांनी दहा ओळींचा आपला घाट घडवला. 'दशपदी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1977 साली मिळाला, पण त्यानंतर दशपदी लिहिणारे बोटांवर मोजावेत. उलट 2003 मध्ये नागपुरातच ज्यांचा शेवट झाला त्या सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून काढली, होतकरू पोरांच्या गझला तपासल्या, चुका दाखवल्या, चांगल्या शेरावर पाठ थोपटली. आज गावोगाव मराठी गझल लिहिली जाते ती त्या तपासण्यामुळे. हायकूला मराठीत असा तपासणारा मिळालेला नाही. बाद केलेल्या कवितेला कोणी उत्तरच पाठवत नाही.

तरुण आठवड्याने परत आले. कागदावर माझ्या खुणा होत्या : सतराचा नियम खोडला, 'निसर्ग' खोडून 'आपल्या गावचा एक ऋतुशब्द' लिहिले, इंग्रजी अनुवाद ऐच्छिक केला, बाद होणाऱ्या प्रत्येक कवितेला दोन ओळींचे उत्तर पाठवावे असे जोडले. 'आंतरराष्ट्रीय'ला हात लावला नाही. मॉरिशसच्या मराठी माणसालाही त्याच्या उसाच्या शेतातला ऋतुशब्द असेलच.

"सर, मंग मोजायचं काय?" त्यांतला धाकटा म्हणाला. हा प्रश्न मला आवडला, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नव्हते. एका श्वासात म्हणून बघा आणि काढून टाकता येईल असा एकही शब्द उरला नसेल तर पाठवा, एवढे मी सांगितले. त्याने ते लिहून घेतले, पण त्याचे समाधान झाले नाही.

मग मी त्यांना मात्सुयामाची आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गावात ठिकठिकाणी हायकूच्या टपालपेट्या आहेत. येणाराजाणारा चिठ्ठीवर तीन ओळी लिहून आत टाकतो, आणि त्यांतून निवड होते. यावर मात्र तिघांचेही डोळे चमकले. एक पेटी झिरो माइलपाशी, एक फुटाळ्यावर, एक एसटी स्टँडवर, असे पटापट ठरले. पेट्या सुताराकडे टाकल्या आहेत. किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या, यावर अजून एकमत झालेले नाही.