उत्तुंग इमारतींची चिन्हव्यवस्था : गिरणगावचे एक वाचन

महानगरीय अवकाश ही एक संहिता आहे, हे गृहीत चिन्हमीमांसेने रूढ केल्याला बराच काळ लोटला. रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये आयफेल मनोऱ्याचे आणि मिशेल द सेर्तो यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून दिसणाऱ्या शहराचे केलेले वाचन मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. द सेर्तो यांच्या मांडणीत उंचावरचा प्रेक्षक शहर वाचतो, खालचा पादचारी ते लिहितो; लिहिणाऱ्याला मात्र आपलेच लेखन वाचता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात ही विभागणी कितपत टिकते, ते तपासण्याजोगे आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने, आणि विशेषतः तिच्यातील २००१ च्या दुरुस्तीने, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहण्याचा मार्ग मोकळा केला. हा इतिहास सुपरिचित आहे. त्यासोबत नामव्यवस्थेत जे स्थित्यंतर घडले, त्याची दखल मात्र पुरेशी घेतली गेलेली नाही. 'गिरणगाव' हे नाव कोणत्याही नकाशाकाराने दिलेले नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गिरणीला 'गाव' जोडून आपल्या वसतीचा अर्थ स्वतः घडवला. आज विक्रीच्या भाषेत लोअर परळचे 'अप्पर वरळी' होते. 'लोअर' हा मुळात निव्वळ स्थाननिर्देश. टॉवरच्या संदर्भात तो प्रतिष्ठानिर्देश ठरला, म्हणूनच खोडावा लागला. भूगोल जागच्या जागी राहिला, विरोधाची जोडी तेवढी बदलली. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा आहे आणि तिची चिमणी जतन केलेली आहे : चिन्हक शाबूत, चिन्हित नाहीसे. जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१२) या शीर्षकाची तिरकस ताकद इथेच आहे. गिरणगावच्या वाचकाला पुराणातला पक्षी आठवण्याआधी गिरणी आठवते.

इमारतीच्या आत शिरल्यावर भाषांची वाटणी अधिक स्पष्ट होते. प्रवेशद्वारावरचे नाव इंग्रजी, क्वचित फ्रेंच वा इटालियन वळणाचे, रोमन लिपीत. देवनागरी भेटते ती पुढे, मागच्या जिन्याशी, कचऱ्याच्या डब्यापाशी, सर्व्हिस लिफ्टच्या दारावर : 'थुंकू नये', 'कामगारांनी हीच लिफ्ट वापरावी'. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, यासाठी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. निवासी इमारतींची नावे तिच्या कक्षेत येत नाहीत. (मराठीच्या कैवाऱ्यांचे लक्ष अक्षरांच्या आकाराकडे असते, व्याकरणाकडे क्वचितच जाते.) वस्तुतः व्याकरणच येथे बोलके आहे. रोमन लिपीतील पाटी हे नाम असते, तिला क्रियापदाची गरज पडत नाही. देवनागरीतील पाटी क्रियापदाशिवाय उभीच राहू शकत नाही आणि ते क्रियापद बहुधा विध्यर्थी किंवा निषेधार्थी असते. एका भाषेत इमारत 'असते', दुसरीत ती 'बजावते'. मराठी हद्दपार झाली, अशी तक्रार नेहमी केली जाते. तिला आज्ञा पोचवण्याच्या कामावर ठेवले आहे, ही बाब अधिक गंभीर आहे.

काही इमारतींत लिफ्टच्या बटणांवर १२ नंतर एकदम १४ येतो. हा संकेत पाश्चात्त्य अपशकुनाचा. तथापि मराठी मनात 'तेरावा' हा मृत्यूनंतरचा तेरावा दिवसही असल्यामुळे उसना निषेध येथे अनपेक्षितपणे मूळ धरतो.

या वाचनातून चाळीचे गौरवीकरण निष्पन्न होत असेल, तर ते चुकीचे ठरेल. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'पासून (१९५८) चाळीचा सामाईक सज्जा हे मराठी साहित्यात सहजीवनाचे चिन्ह झाले आहे. पण जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातील संघर्ष वरळीच्या बीडीडी चाळींतच पेटला होता. चाळीलाही वगळण्याची भाषा होती. ती पाटीवर लिहिलेली नव्हती, इतकेच. टॉवरने ती लिहून काढली, आणि जातीऐवजी 'सेवा' हा शब्द योजून ती निर्दोष भासवली.

द सेर्तो यांची विभागणी डळमळते ती सर्व्हिस लिफ्टपाशी. घरकामाला येणारी बाई एका सकाळी सहाव्या, एकोणिसाव्या आणि चौतिसाव्या मजल्यावर जाते. चौतिसाव्यावरच्या मालकाला समुद्र दिसतो. पण एकोणिसाव्यावर कोण राहते, हे त्याला ठाऊक नसते. तिला ते ठाऊक असते. पादचारी आणि प्रेक्षक या दोन्ही भूमिका ती एकाच दिवसात वठवते, आणि इमारतीची तिची स्वतःची परिभाषा असते : 'एकोणीसशे दोनवाल्या ताई', 'चौतीसवरचे आजोबा'. घरांचे आकडे ती नात्यांत मोडून घेते. ज्या भाषेला पाटीवर केवळ विध्यर्थ उरला आहे, त्याच भाषेत, मागच्या लिफ्टमध्ये, अजून नामकरण चालू आहे.