मूळपुरुषाला स्त्रीलिंग नाही

आमच्या कुलवृत्तांतात आजोबा दोन ओळींत संपतात. जन्म, शिक्षण, ‘भिलाई येथे पोलाद कारखान्यात नोकरी’. भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली, त्याच सुमारास ते इथे कॅम्प-1 मध्ये राहायला आले. भाच्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून आमच्या शाखेची पाने मी हिंदीत करायला घेतली आणि अडले ते सोप्याच शब्दांवर.

‘घराणे’ हिंदीत नेले की गवई आठवतात. ‘मूळपुरुष’ सहज जातो, पण मुळात मराठीतच त्याला स्त्रीलिंग नाही हे तेव्हा कळते. मुलींच्या नोंदी ‘अमुक घराण्यात दिली’ अशा आहेत. मी ‘ब्याही गई’ लिहिले आणि खोडले. ‘दिली’तला व्यवहार माझ्याच हातून पुसला जात होता. शेवटी ‘दी गई’ ठेवले. कानाला खटकते, खटकू दे.

कुलवृत्तांत आपण संदर्भासाठी चाळतो, वाङ्मय म्हणून वाचत नाही. वास्तविक सह्याद्रीच्या पायथ्याची खेडी, खोती, दत्तके, घाट चढून देशावर गेलेल्या शाखा असा केवढा ऐवज त्यात आहे! पण श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) शेजारी ठेवली की त्यातली काटछाट दिसते. तिथेही एकाच घराण्याच्या पिढ्या आहेत, पण माणसे पापांसकट येतात. कुलवृत्तांताच्या संपादकाला घरात कुणी वाईट निपजलेलेच चालत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातले हेळवी बैल घेऊन गावोगाव फिरतात आणि दारात वंशावळ वाचतात. मला ती रीत अधिक वाङ्मयीन वाटते, कारण ऐकणारी म्हातारी मध्येच ‘तसं नव्हे’ म्हणू शकते. छापील पानाला कोण अडवणार? शिवाय ते पान मोजक्याच जातींच्या वाट्याला आले. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी मोडी दप्तरे उपसली जात आहेत. तिथे पणजोबाचे नाव सापडणे हा हौसेचा मामला नाही.

मूळ गावी मी जाऊन आले. घराचे जांभ्याचे जोते तेवढे उरले आहे. आजीच्या आईचे नाव मात्र तिथे नाही, ग्रंथातही नाही. ते इथेच, सेक्टरमधल्या मावशीआजीने सांगितले. मी ते समासात पेन्सिलीने लिहिले आणि हिंदी मजकुरात सरळ ओळीत घातले.