पडद्यावरील विद्युत्-मंडल : एक परीक्षण

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने सिद्ध केलेले विद्युत्-मंडल-जुळणीचे आभासी साधन पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांस आता सुपरिचित आहे. विद्युत्-दाब, प्रवाह आणि रोध यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याने स्वतः मंडल जुळवून शोधावा, हा त्याचा हेतू होय. सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचे परीक्षण अगत्याचे वाटते. कारण प्रयोगशाळेच्या खर्चावर हाच उतारा, असे मानण्याचा मोह सहज पडण्याजोगा आहे.

प्रथम गुणांचा निर्देश करणे न्याय्य ठरेल. फिंकेलस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या साधनावर शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्ष उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या कसोटीत सरस ठरले. इतकेच नव्हे, तर खरे मंडल जुळविण्यातही ते पुढे राहिले. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. तारेत जे दिसत नाही, ते येथे दिसते. एकसर जोडणीत दिव्याच्या अलीकडे व पलीकडे कण सारख्याच गतीने सरकतात. त्यामुळे ‘दिवा प्रवाह खाऊन टाकतो’ हा रूढ गैरसमज पाहता पाहता मावळतो.

तथापि, या प्रयोगात निसर्गास प्रश्न विचारलेलाच नसतो. ओहमचा नियम आज्ञावलीत आधीच लिहिलेला आहे; तोच विद्यार्थ्यास उत्तर म्हणून परत मिळतो. खुद्द ओहमला तो इतक्या सुखासुखी मिळाला नव्हता. 1825 साली त्याने मांडलेले सूत्र चुकीचे होते. कारण त्याच्या विद्युत्-घटाचा दाब स्थिर राहत नव्हता. पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने तपयुग्म वापरले, तेव्हा 1826 साली खरा संबंध हाती आला. म्हणजे घटाचा दोष ओळखणे हेच त्या शोधातील मर्म होते, आणि पडद्यावरील घट तर मुळात निर्दोष!

एक साधे उदाहरण घेऊ. 1.5 व्होल्टचा घट 2.5 ओहमच्या रोधास जोडला, तर पडद्यावर 0.6 अँपिअर प्रवाह दिसेल. खऱ्या घटाचा अंतर्गत रोध 0.5 ओहम असेल, तर प्रवाह 0.5 अँपिअर भरेल आणि घटाच्या टोकांशी 1.25 व्होल्टच उरतील. हा अंतर्गत रोध साधनातही घालता येतो, हे खरे. पण तो घालणारा विद्यार्थी स्वतःच असल्याने त्याला विस्मय वाटण्याचे कारण उरत नाही. विस्मय नाही, तेथे संशोधनवृत्तीचा अंकुर फुटणार कसा?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. सांगलीकडे किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली माळरानावर उभा राहिला. हात राबल्यावाचून विद्या पुरी होत नाही, हा या भूमीचा अनुभव आहे. शिवाय कोरडा घट, चार रोध, थोडी तार व एक बहुमापक एवढ्यावर हा प्रयोग प्रत्यक्ष होतो. अन्य महागड्या प्रयोगांच्या बाबतीत आभासी पर्यायाचे समर्थन होऊ शकेल. येथे ते टिकत नाही.

सारांश, हे साधन पूर्वतयारीस उत्तम, पर्याय म्हणून अपुरे. विद्यार्थ्याने पडद्यावर भाकीत करावे, मेजावर मोजावे, आणि दोहोंत जो फरक पडेल त्याचे कारण प्रयोगवहीत लिहावे. गुण द्यावयाचे, ते त्या कारणमीमांसेस द्यावेत.