‘माजी’ आणि ‘अंतेवासी’ : कलाशाळेच्या साहाय्याविषयी

संस्था आपल्या विद्यार्थ्यांना कोणत्या शब्दाने संबोधते, यावरून तिने आपल्या कर्तव्याची सीमा कोठे आखली आहे हे पुष्कळदा कळून येते. शिक्षणक्रम पुरा केलेल्यास आपण ‘माजी विद्यार्थी’ म्हणतो. ‘माजी’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ ‘होऊन गेलेला’, आणि उर्दू व्याकरणात भूतकाळाला हेच नाव आहे. प्रमाणपत्र हाती पडताच विद्यार्थी अशा रीतीने भूतकाळात जमा होतो. चित्रकाराच्या बाबतीत हे विशेष जाचक ठरते. कामाची जागा, रंगांचा खर्च, चित्रे मांडावयास भिंत आणि ती पाहणारी जाणती दृष्टी यांची निकड त्याला वर्ग सुटल्यावरच भासू लागते.

शिल्प शिकणाऱ्यासाठी आपल्या परंपरेत ‘अंतेवासी’ हा शब्द होता. आचार्याने त्याला स्वगृही ठेवून अन्न द्यावे, पुत्राप्रमाणे वागवावे व अन्य कामास जुंपू नये, असे नारदस्मृती सांगते. मात्र ठरलेल्या मुदतीतील त्याच्या कामाचे फळ आचार्याचे, असेही तीच सांगते. तेव्हा या व्यवस्थेचा उगाच गौरव करण्याचे कारण नाही. इतकेच लक्षात घ्यावयाचे की, निवारा व अन्न ही तेथे शिक्षणाचीच अंगे होती.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचा (स्थापना 1857) इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. म. वि. धुरंधर 1890 मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून आले, पुढे तेथेच शिक्षक झाले व 1931 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. या एक्केचाळीस वर्षांत अध्ययन व अध्यापन यांची एकत्र मोजणी आहे; ‘माजी’ होण्याचा प्रसंग लेखकावर आलाच नाही. म्हणून संस्थेच्या वत्सलतेचा पुरावा म्हणून हा ग्रंथ वाचताना सावध राहिले पाहिजे. ज्याला शाळेत खुर्ची मिळाली त्याची ही कथा आहे, आणि खुर्च्या नेहमीच थोड्या असतात.

दुसरी बाजू फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या उदाहरणात दिसते. 1945 मध्ये त्यांना याच शाळेतून काढून टाकण्यात आले. 1947 मध्ये त्यांनी रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. वॉल्टर लँगहॅमर यांचा स्टुडिओ या तरुणांना खुला होता. रूडॉल्फ फॉन लायडन यांनी त्यांच्याविषयी लिहिले. इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी त्यांची चित्रे विकत घेतली. 1949 चे प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. 1950 मध्ये रझा पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. हुसेन, गायतोंडे यांसारख्यांना पुढे कामाची जागा लाभली ती भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत. जागा, भिंत, पैसा, समीक्षा या चारही गरजा भागल्या खऱ्या, परंतु शाळेच्या कुंपणाबाहेर.

यावर असा आक्षेप येईल की, हालअपेष्टांतूनच कलावंत घडतो. सूझांना शाळेने जवळ केले असते तर तो ग्रुप निघाला असता काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु तो तगलेल्यांच्याच साक्षीवर उभा आहे. ज्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुंचला ठेवून दिला त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. संस्थेच्या दफ्तरात त्यांचे नाव प्रवेशाच्या व उत्तीर्णतेच्या वर्षापुरतेच उरते.

आज कलाशाळांतून शिष्यवृत्ती, समुपदेशन, नोकरीविषयक मार्गदर्शन अशा सोयी दिसतात व त्या स्वागतार्ह आहेत. पण बहुतेकींची मुदत शिक्षणक्रमाबरोबर संपते. पुढे माजी विद्यार्थ्याची आठवण होते ती देणगीच्या वा सत्काराच्या प्रसंगी. म्हणजे तो देणारा असतो किंवा मिरवण्याजोगा असतो, घेणारा कधीच नसतो. शाळेने उत्तीर्ण विद्यार्थ्यास दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी व सायंकाळी रिकामे वर्ग वापरू द्यावेत, वर्षातून एकदा प्रदर्शनास भिंत द्यावी, आणि चित्रकला सोडलेल्यांसह सर्वांची नोंद ठेवावी. यास फारसा खर्च नाही. नोंद ठेवल्यावाचून आपले शिक्षण कोणाच्या किती उपयोगी पडले, हे शाळेलाही कळणार नाही.

केवळ शब्द बदलून व्यवहार बदलत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. ‘माजी’ हा शब्द खुशाल राहो. दोन वर्षांपर्यंत तो कोणास लावू नये, एवढेच मागणे आहे.