गोठलेली मान

ॲप्स्ली चेरी-गॅरार्डच्या ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ (१९२२) या पुस्तकातलं हिवाळी मोहिमेचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो, ते त्यातल्या एका छोट्या प्रसंगासाठी. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतले तिघे – एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि पंचविशीतला चेरी-गॅरार्ड – २७ जून १९११ रोजी एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरकडे निघाले. तिकडचा तो ऐन हिवाळा, चोवीस तास काळोख. वाटेत पारा उणे साठ अंश सेल्सिअसच्याही खाली गेला. हा आकडा वाचून आपण थक्क होतो, पण थंडी काही वाजत नाही. ती वाजते या प्रसंगात.

एका सकाळी लेखक तंबूबाहेर येतो आणि सभोवार पाहण्यासाठी मान वर करतो. तेवढ्या पंधराएक सेकंदांत अंगावरचे कपडे गोठून कडक होतात. मान खाली येतच नाही. पुढचे चार तास त्याला तशाच ताठलेल्या मानेनं स्लेज ओढावी लागते. ओझं ओढताना माणूस पुढे वाकतो, मान खाली घालतो. नेमकी तेवढीच सोय थंडीनं काढून घेतली आहे. दोन-तीन वाक्यांत प्रसंग संपतो. कण्हणं नाही, कुथणं नाही. वाचणाऱ्याचा हात मात्र नकळत स्वतःच्या मानेकडे जातो.

कपडे इतक्या झटकन गोठले, कारण ते कोरडे नव्हते. घाम आणि श्वासातली वाफ त्यांत मुरली होती. हेच या प्रकरणाचं मर्म आहे. दिवसा चालताना वाफ हनुवटीवर गोठते आणि माकडटोपी चेहऱ्याला पक्की चिकटते. तंबूत प्रायमस स्टोव्ह बराच वेळ पेटल्याशिवाय ती निघत नाही. रात्री नाक उघडं ठेवणं अशक्य, म्हणून तिघं स्लीपिंग बॅगेच्या आतच श्वास घेतात. मग तिच्या कातड्यात बर्फ साठत जातो. चेरी-गॅरार्डला दूरचं फार कमी दिसे, पण वाफ धरते म्हणून चष्माही लावता येत नाही. ऊब मिळवण्याच्या प्रत्येक उपायाची किंमत तो शांतपणे नोंदवत जातो.

हिमालयात हिवाळी ट्रेक करणाऱ्यांना हे लगेच पटेल. नाकातोंडावर घट्ट गुंडाळलेला मफलर श्वासानं ओला होतो आणि थांबलं की तोच गारठवतो. म्हणून जाणती मंडळी तोंडापुढे वाफ निसटायला वाट ठेवतात, घाम फुटेल इतक्या वेगानं चालत नाहीत आणि एक कोरडा बफ सॅकमध्ये राखून ठेवतात.

प्रसंगाच्या शेवटी लेखक आणखी एक गोष्ट सांगून जातो: त्या दिवसापासून तिघंही कपडे गोठायच्या आत, स्लेज ओढण्याच्या बेतानं, आधीच वाकून घेऊ लागले. थंडी हटणार नसेल, तर तिनं निदान कामाला येईल अशा आकारात आपल्याला गोठवावं! एकाच्या मानेनं सोसलं, त्यातून तिघांची सवय झाली. पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा विल्सन आणि बॉवर्स हयात नव्हते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबर त्यांचाही अंत झाला होता. तरीही हा शहाणपणा लेखक एकट्याच्या नावावर मांडत नाही. साहसाच्या गोष्टी पुष्कळ आहेत; सोबत्यांचा वाटा इतक्या निगुतीनं जपणारं हे गद्य मला त्यांहून मोठं वाटतं.