शालेय भूगोलातील क्रियापद

शालेय भूगोलाचा दर्जा खालावला, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की, तो मोजावयाचा कशाने हा प्रश्नच मागे पडतो. नद्यांची व राजधान्यांची नावे पूर्वी अधिक पाठ असत, एवढेच पुष्कळांना अभिप्रेत असते. भाषेच्या अभ्यासकास निराळे गमक अधिक विश्वसनीय वाटते. ते म्हणजे प्रश्नातील आज्ञार्थी क्रियापद.

‘नावे सांगा’, ‘नकाशात दाखवा’ ही जुनी क्रियापदे. त्यांच्या जोडीला ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न रूढ झाला, ही प्रगतीच होय. तथापि उत्तरे पाहावीत. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून तीसेक किलोमीटरांवरील वाईस त्याचा अल्पसा अंश. विद्यार्थी लिहितो, ‘कारण वाई पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे.’ वाक्याची घडण कार्यकारणाची, आशय मात्र निव्वळ नामकरणाचा! सह्याद्री चढताना हवा थंडावते व तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन होते. पूर्वेस उतरताना तीच हवा तापून तिची बाष्पधारणशक्ती वाढते. ही साखळी उत्तरात नसते. ‘छाया’ या रूपकाचाही येथे थोडा दोष आहे. छायेस आड येणारी वस्तू पुरते. त्यामुळे ‘डोंगराने ढग अडविले’ एवढ्यावर भागते आणि उतरणीवर हवेचे काय होते, हा प्रश्न उद्भवतच नाही.

२०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या पाठ्यपुस्तकाने भारत व ब्राझील शेजारी शेजारी मांडले आणि पहिले प्रकरण क्षेत्रभेटीस दिले. येथे दर्जा निःसंशय उंचावला आहे. ब्राझीलमध्ये वारे पूर्वेकडून येतात. म्हणून किनाऱ्याकडील उतार ओला, तर उच्चभूमीच्या आड ‘अवर्षण चतुष्कोन’. आपल्याकडे ओली बाजू पश्चिमेची. दिशा उलटवूनही तत्त्व ओळखता येणे, ही आकलनाची खरी कसोटी. बाजारातील मार्गदर्शिकांनी मात्र तुलनाही दोन रकान्यांत पाठ करण्याजोगी करून ठेवली. (२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला व इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. निर्णयास दोष देता येत नाही. पण भूगोलाचे गुण भूगोलावाचूनही ठरू शकतात, हे त्यावरून कळले.)

मार्गदर्शिकांस नावे ठेवून आपण सुटत नाही. उत्तरात ‘पर्जन्यछाया’ हा शब्द दिसताच गुण देऊन टाकणारे परीक्षक आपल्यातीलच आहेत. तो शब्द न वापरता वाईस पाऊस कमी का पडतो हे समजावून सांगा, असा प्रश्न माझ्या तरी अद्याप पाहण्यात आलेला नाही.