आपल्या कवितेतला सूर्य

अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. एकामागून एक सूर्य. क्रांतीचा सूर्य, ज्ञानाचा सूर्य, बाबासाहेब सूर्य. लिहिणारी पोरं मोर्च्यात लाठ्या खाणारी आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती रूपकाबद्दल.

'अलंकार ही त्यांची भानगड, आपल्याला काय करायचंय?' असं काहीजण म्हणतात. अलंकार नुसता दागिना असता तर मीही फेकून दिला असता. पण ती विचार करायची रीत आहे. 'बाबासाहेब सूर्यासारखे' म्हटलं की उपमा. तिथं 'सारखे' हा शब्द दोघांत थोडं अंतर ठेवतो. 'बाबासाहेब सूर्य' म्हटलं की रूपक. अंतर गेलं, दोन्ही एकच झाले. मग सूर्याचे सगळे गुण बाबासाहेबांना चिकटतात. सूर्य तर आपोआप उगवतो. त्याच्यासाठी कुणाला सभा घ्यावी लागत नाही, वर्गणी मागत फिरावं लागत नाही. आपण फक्त हात जोडायचे. चळवळ अशी उगवते काय? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावलं होतं. जुन्या कवींच्या मुखचंद्राला आपण हसतो. आपला सूर्यही वापरून वापरून तेवढाच गुळगुळीत झालाय.

आता महाड घ्या. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी. ते कशासारखं आहे हे सांगायची गरजच पडत नाही. ते पाणीच राहतं आणि माणूसपणाचा हक्कही होतं. ह्याला प्रतीक म्हणतात.

रचनेचंही तसंच. 'छंद म्हणजे बेडी' ही घोषणा सोपी. पण मोठा अभंग एकदा मोजून बघा. चार चरण, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. शार्दूलविक्रीडितात एका ओळीत १९ अक्षरं आणि प्रत्येकाचं लघुगुरू ठरलेलं. अभंगाला ती अट नाही, म्हणून शाळा न बघितलेला माणूसही तो कानानं पेलतो. देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबांनी आपलं गाऱ्हाणं ह्याच मापात घातलं आणि ते शतकानुशतकं लोकांच्या तोंडी टिकलं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ध्रुपद फिरून फिरून येतं, कारण ते समोर बसलेल्यांनी उचलायचं असतं.

'गोलपिठा' (१९७२) छंदात नाही, पण रचनेत आहे. ढसाळांनी ग्रांथिक शब्द आणि गल्लीतला शब्द शेजारी शेजारी बसवले. त्या आपटण्यातून लय निघते. नुसत्या ओळी तोडल्या म्हणून मुक्तछंद होत नाही. ओळ इथंच का तोडली, हे कवीला सांगता आलं पाहिजे.

म्हणून मित्रांनो, कविता परत पाठवतोय. रागावू नका. प्रत्येक सूर्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. तो काढा आणि तिथं तुमच्या वस्तीतलं, तुमच्या हाताखालून गेलेलं काही ठेवून बघा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवलीय.

जयभीम.